वेढे मोजणारा मिस्त्री

करीम मिस्त्रीचं दुकान दिसायच्या आधी ऐकू यायचं. जुन्नरला बाजारपेठ संपून रस्ता उतरायला लागला की पत्र्याच्या शेडमधून आकडे यायचे. एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. नवख्याला वाटावं, इथं शाळा भरते. आत डोकावलं तर चांगले बाप्ये, दाढ्या वाढलेले, एकेक जण लाकडी फर्म्यावर तांब्याची तार गुंडाळतोय आणि पाढे म्हटल्यासारखा मोठ्यानं मोजतोय.

विहिरीवरच्या मोटारी जळल्या की त्यांच्या पोटातली तार काढून नवी भरायची, हा मिस्त्रीचा धंदा. हाताच्या दांड्यानं फिरणाऱ्या त्याच्या मशिनीला वेढे मोजणारा काउंटर होता. तो त्यानं स्वतः उपटून काढला होता. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "आकडा मशिनीनं धरला, तर तू काय धरणार?"

मोजताना चूक झाली, मधेच कुणी हाक मारली, मन भरकटलं, तर माणूस अंदाजानं पुढचा आकडा पकडतो. मिस्त्रीला ते पाठमोरा असतानाही कळायचं. आवाज अडखळला की तो मान न वळवता एकच शब्द बोलायचा. "उलगड." म्हणजे सगळी तार मोकळी करायची आणि परत एकपासून. शिवी नाही, कटकट नाही. चाळीस वेढ्यांवर चुकलात तर चाळीस उलगडा, ऐंशीवर चुकलात तर ऐंशी.

त्याच्याकडे कामाला असायची ती माणसं दोन जातीची. एक, येरवड्याहून सुटून आलेली. दुसरी, दारूनं घरातून सुटलेली. मी दुसरीतला. लोक त्याला विचारायचे, "मिस्त्री, गावात धड माणसं न्हाईत का?" तो म्हणायचा, "हायेत ना. पण ती तुमच्याकडं कामाला हायेत." याहून जास्त कारण त्यानं कधी कुणाला दिलं नाही. मीही खोदून विचारलं नाही. त्याच्याकडे विचारणं नव्हतंच. काय केलंस, किती वर्षं होतास, बायको नांदते का, काही नाही. पहिल्या दिवशी फक्त म्हणायचा, "हात दाखव."

मी हात दाखवले तेव्हा ते लटलट कापत होते. मी वायरमन होतो, नोकरी गेली होती, मेव्हण्यानं बोरी बुद्रुकहून धरून आणून दुकानाच्या पायरीवर बसवलं होतं. नव्वदच्या पुढची तीन-चार वर्षं उलटलेली असतील. मिस्त्रीनं माझ्या हाताकडे बराच वेळ बघितलं आणि मेव्हण्याला म्हणाला, "हात लई चांगला हाय पावणं. नुसता घाबरलाय."

मी पहिल्या महिन्यात चार वेळा पळालो. चौथ्या वेळी गुत्त्यात जाऊन बसलो, ग्लास पुढं आला, आणि शेजारच्या बाकावर कुणीतरी बसल्याचा आवाज झाला. मिस्त्री. मांडीवर फर्मा, पिशवीत तारेचं रीळ. लिंबू सोडा मागवला आणि तिथंच तार गुंडाळायला लागला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"एक, दोन, तीन," मोठ्यानं.

गुत्तेवाला आला. "मिस्त्री, गिऱ्हाईक बिचकतंय राव."

"मी काय करतोय? सोडा पितोय. सात, आठ."

"आवो पण ह्यो आवाज!"

"मग ह्याला सांग मोजायला, म्हंजे मी गप बसतो." माझ्याकडे बोट.

सगळा गुत्ता हसायला लागला. कुणीतरी ओरडलं, "मोज की लेका, आमालाबी पिऊ दे!" मी लाजेनं मोजायला सुरुवात केली. साठाला पोचेपर्यंत ग्लासातला बर्फ विरघळला होता. मिस्त्री उठला, फर्मा माझ्या हातात दिला आणि दुकानाच्या वाटेला लागला. मी मोजत मोजत मागं गेलो. मधे थांबलो असतो तर उलगडायला लागलं असतं.

दत्तू आला तो त्यानंतर वर्षभरानं. दत्तूच्या आधी त्याच्या पायाचं चित्र आलं.

कुणी तुरुंगातून सुटणार असं कळलं की मिस्त्री त्याला पोस्टकार्ड टाकायचा. मजकूर ठरलेला. तारीख कळवणे, पायाचं माप कळवणे. माणूस आत जातो एका पायानं आणि बाहेर येतो दुसऱ्या पायानं, असं त्याचं म्हणणं होतं. टाचा फाटलेल्या, बोटं पसरलेली, घरची जुनी चप्पल बसत नाही. मग तो एसटीनं पुण्याला जायचा, तुरुंगाच्या फाटकासमोर उभा राहायचा आणि सुटलेल्या माणसाच्या पायात नवा चपलेचा जोड सरकवायचा. "अंदाजानं आणला असता की," मी म्हणालो होतो. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जसं काही मी मोटारीत सुतळी भरायला सांगितली होती.

दत्तूनं वहीच्या रेघी कागदावर पाऊल ठेवून पेन्सिल फिरवली होती. भलं मोठं पाऊल, करंगळी बाहेर फाकलेली. मिस्त्रीनं तो कागद भिंतीला लावला, तो तिथंच राहिला.

दत्तू डिंभ्याच्या अलीकडच्या एका वस्तीवरचा. बांधाच्या भांडणात त्याच्या हातून चुलतभाऊ गेला होता. चांगल्या वागणुकीवर काही वर्षं आधी सोडलेला, आठवड्याला चौकीत हजेरी, आणि जरा काही खुट्ट झालं तर परत आत, अशी त्याची सुटका. आडदांड माणूस, पण बोलायचा इतकं हळू की दोनदा विचारावं लागे. आकडे मात्र खणखणीत. पहिल्या दिवसापासून त्याची मोजणी चुकली नाही. आत त्यानं दिवसच मोजले होते.

मोटारी बसवायला मिस्त्री त्याला मुद्दाम बरोबर न्यायचा. एकदा बोरीला एक म्हातारा आडवा आला. "मिस्त्री, ह्यो माणूस माझ्या हिरीवर चढायचा न्हाई."

"बरं," मिस्त्री म्हणाला. "दत्तोबा, मोटार परत गाडीत टाक."

"आरं, ऊस वाळतोय माझा!"

"मग ह्यो चढंल. मला गुडघ्याचा तरास हाय, आन ह्या रघूला अजून उंचीवर चक्कर येती."

म्हातारा पुटपुटत बाजूला झाला. मोटार सुरू होऊन पाणी पडायला लागलं, तेव्हा त्यानंच दत्तूला तांब्या भरून दिला. दत्तू तो धरून उभाच राहिला. परतीच्या वाटेवर गाडीत मागं बसून तो मला म्हणाला, "रघू, लोकाच्या घरचं पाणी लई दिसानं प्यालो." मी तेव्हा त्याचा हात दाबला होता. हे मुद्दाम लिहितो आहे. आम्ही एकमेकांचे कोण होतो ते कळावं म्हणून.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो.

त्या उन्हाळ्यात मोटारींची रांग लागली होती. मिस्त्री बहिणीच्या मुलीच्या लग्नाला तीन दिवस ओतूरला गेला. दुकानात दत्तू आणि मी. सात-आठ मोटारी, सगळ्यांची घाई, त्यामुळं एकानं सुरू केलेलं दुसरा पुरं करत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवायला म्हणून बाहेर पडलो आणि गुत्त्यात गेलो. दीड वर्षानं. का गेलो, याला कारण नाही. मिस्त्री नव्हता, एवढंच. येताना कांदा चावत आलो. दत्तूला वास आला असेल, पण त्यानं नुसता फर्मा माझ्याकडे सरकवला.

दारूच्या त्या तारेत मी एका मोटारीच्या खाचांत कॉईल बसवत होतो. प्रत्येक खाचेत आधी जाड कागद घालतात, तार लोखंडाला लागू नये म्हणून. एका खाचेच्या तोंडाशी तो कागद माझ्या हातून फाटला. मी तो फाटलेला पाहिला. कॉईल बाहेर काढून, कागद बदलून परत बसवायला तासभर लागला असता. वर वार्निश येणारच आहे, चालून जाईल, असा अंदाज केला आणि पाचर ठोकली. वर नेहमीसारखी सुताची बांधणी करून गाठ मारली. तिसऱ्या दिवशी दत्तूनं विचारलं, "हिला मेगर लावला का?" तारेचा करंट बॉडीत उतरतोय का ते बघायचं यंत्र ते. मी म्हणालो, "लावला." यंत्र पेटीतून निघालंसुद्धा नव्हतं.

दत्तूनं झाकण आवळलं आणि जीपमध्ये टाकून ती मोटार डिंभ्याच्या बाजूला बबनरावांच्या विहिरीवर नेऊन बसवली. बबनराव म्हणजे दत्तूच्या मेलेल्या चुलतभावाचे सासरे. गिऱ्हाईक म्हणून आले होते, मिस्त्रीच्या शब्दावर. चार दिवस मोटार चालली. पाचव्या दिवशी सकाळी ओल्या हातानं बबनरावांनी तिला हात लावला.

माणूस वाचला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. पण मंचरच्या दवाखान्यात ते शुद्धीवर यायच्या आधीच वस्तीवर ठरलं होतं की जावयाला मारलं, आता सासऱ्याला मारायला करंट सोडला. दुपार व्हायच्या आत दत्तू चौकीत होता.

मोटार दुकानात परत आली. मिस्त्रीनं शटर अर्धं ओढलं, झाकण खोललं. आम्ही दोघंच. त्यानं बॅटरीचा उजेड आत पाडला आणि काळी पडलेली खाच शोधली. मग त्याचं बोट बांधणीवरच्या गाठीवर जाऊन थांबलं. आमच्या प्रत्येकाची गाठ वेगळी होती. माझी डावीकडून वळून आत जाणारी, कारण मी डावरा. दुकानात डावरा दुसरा कुणी नव्हता.

बाहेर रस्त्यावर कुणीतरी ट्रॅक्टर मागं घेत होतं.

"चहा पिऊन येतो," मिस्त्री म्हणाला. "तवर तू बघ हिला."

तो गेला. मी मोटारीसमोर बसून राहिलो. अर्ध्या तासानं तो आला, माझ्याकडे बघितलं, मी खाली बघितलं. त्यानं मोटारीवर गोणपाट टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं गोणपाट काढलं, आणि पुन्हा चहाला गेला. परत आला, तर मी फर्मे पुसत होतो. त्या दिवशी दुकानात कुणी मोजलं नाही.

दुपारी मिस्त्रीच्या घरून आलेला डबा घेऊन मी चौकीत गेलो. दत्तू बाकड्यावर बसला होता, पायात तो चपलेचा जोड नव्हता, बाहेर काढून ठेवायला लावलेला. भाकरी त्यानं हातात धरली, खाल्ली नाही.

"रघू, मी दोन दिस आठवतोय. आपुन किती मोटारी भरल्या. ती खाच… ती माझी व्हती का तुझी?"

खरं सांगायला दोन अक्षरं पुरली असती.

"तुझी असंल," मी म्हणालो.

"असंल," तो म्हणाला. मान हलवली. "मलाबी तसंच वाटतंय. माझ्याच हातून झालं आसंल. माझं हातच तसलं."

मी रिकामा डबा घेऊन परत आलो. रिकामा म्हणजे भाकरी तिथल्या कुत्र्याला घातली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला की दत्तूची सुटका रद्द करायचे कागद निघणार. मिस्त्रीनं तिसऱ्यांदा गोणपाट काढलं. या वेळी चहाला गेला नाही. माझ्यासमोर स्टुलावर बसला, मांडीवर हात ठेवून. मला अजून तो उन्हानं तापलेल्या पत्र्याचा तडतड आवाज आठवतो. माझ्या तोंडात शब्द तयार होता. तो बाहेर आला नाही, एवढंच मी सांगू शकतो. बाहेर आला असता तर मी वायरमन, मेकॅनिक, नवरा, बाप, जे काही नुकतं परत होऊ लागलो होतो, ते सगळं जाईल असं वाटलं. दत्तूचं काय जाणार होतं ते मला माहीत होतं. ते दुसऱ्याचं होतं.

मिस्त्री उठला. मोटारीतली जळकी तार छिन्नीनं तोडली, बांधणीसकट मागच्या खड्ड्यात टाकली, रॉकेल ओतलं आणि काडी लावली. जुनी तार अशीच जाळतात, त्यात नवं काही नव्हतं. माझी गाठ जळेपर्यंत तो तिथं उभा राहिला. मग टोपी घातली आणि चौकीत जाऊन सांगितलं, "लग्नाला जायच्या आधी ती मोटार मीच भरून ठेवली व्हती. मेगर लावायचा राहिला. पोरानं फकस्त नेऊन बसवली."

दत्तू संध्याकाळी सुटला. मिस्त्रीवर निष्काळजीपणाची केस झाली. ती काही वर्षं चालली. तारखांना तो धुतलेला सदरा घालून जायचा आणि कोर्टाच्या व्हरांड्यात ओठ हलवत बसायचा. मी एकदा जवळ जाऊन ऐकलं, तो आकडे म्हणत होता. शेवटी बबनरावांनीच पुढं होऊन तडजोड केली. पण तोवर अर्धी गिऱ्हाइकं तुटली होती. तीस वर्षांत ज्याची मोटार कुणी परत आणली नव्हती, त्याच्याबद्दल लोक म्हणायला लागले, म्हातारा झाला, नजर गेली. मिस्त्री ऐकून घ्यायचा.

मला त्यानं एकदाही विचारलं नाही. पहिल्यासारखंच "हात दाखव" म्हणायचा, पहिल्यासारखंच काम द्यायचा. ते मला सहा महिने सोसलं. मग मी मंचरला स्वतःचं दुकान टाकलं. गुत्त्यातल्या त्या दुपारनंतर दारूला शिवलो नाही. आजतागायत नाही. जुन्नर-आंबेगावात कुणाचा मुलगा, कुणाचा भाऊ पिऊ लागला की लोक माझं उदाहरण देतात. करीम मिस्त्रीनं घडवलेला माणूस, म्हणतात. मी मान खाली घालतो, त्याला ते नम्रता समजतात.

मिस्त्रीला शेवटचं भेटलो ते साखरेनं त्याचे डोळे गेल्यावर. दोन हजार सालानंतरची पाच-सहा वर्षं उलटली असतील. दुकान दत्तू चालवत होता. मिस्त्री आतल्या बाजूला खुर्चीत, मांडीवर मोटारीचा तार भरलेला स्टेटर, त्याच्या गाठींवर बोटं फिरवत बसलेला.

"रघू," तो म्हणाला. मी तोंड उघडायच्या आधी. "बस."

मी बसलो. म्हणालो, "मिस्त्री, त्या मोटारीचं…"

"ते मला कशाला सांगतोस? मला म्हाईत हाय." त्यानं हनुवटीनं बाहेर दाखवलं. बाहेर दत्तू एका गिऱ्हाइकाशी हळू आवाजात बोलत होता. "त्याला सांग. त्याला वाटतंय, त्याच्या हातनं झालं आन मी त्याला वाचवलं. परतेक मोटार दोनदा खोलतो. भरली की खोलतो, बांधली की खोलतो. दहा वर्सं झाली. माझं पाय चेपतो, मला न्हाऊ घालतो. मला सोसत न्हाई ते."

"तुम्ही का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू गुत्त्यात गेला असतास. परत आला नसतास." बोटं गाठीवर थांबली. "मला वाटलं, आज न्हाई तर उद्या तूच बोलशील. अंदाज केला मी, रघू. आख्ख्या आयुष्यात एक."

मी उठून बाहेर आलो. दत्तूनं हसून हात पुसले. "कवा आला? चहा सांगू का?" मी हो म्हणालो. चहा प्यालो. उसाचं, पावसाचं, त्याच्या पुतण्याच्या लग्नाचं बोललो. आणि एसटीची वेळ झाली म्हणून निघालो.

मिस्त्री त्याच हिवाळ्यात गेला. दफनाला दत्तू कबरीत उतरला होता. मी भिंतीपाशी उभा होतो.

हे सगळं लिहायचं ठरवलं, तेव्हा हे दत्तूच्या आधी कुणी वाचणं बरोबर नाही असं वाटलं. गेल्या आठवड्यात जुन्नरला गेलो. भिंतीवर तो पावलाचा कागद अजून आहे, पिवळा पडलेला. दत्तू एक बांधलेली मोटार परत खोलत होता. मी उभ्यानंच सांगितलं. कागद, पाचर, मेगर. चौकीतलं "असंल". सगळं.

त्यानं पाना खाली ठेवला. त्याचे केस आता पांढरे आहेत. मग त्यानं फक्त एक विचारलं.

"मिस्त्रीला ठावं व्हतं?"

"होतं. मी शेवटचा आलो होतो तेव्हा म्हणाला, दत्तूला सांग."

"आन तू माझ्यासंगट चहा प्यालास."

"हो."

त्यानं झाकण उचललं, मोटारीवर बसवलं आणि एकेक बोल्ट आवळायला लागला. दुसऱ्यांदा तपासलं नाही. माझ्याकडे बघितलं नाही. चहाचं विचारलं नाही. मी पायरी उतरलो.

मिस्त्रीच्या त्या शेवटच्या भेटीत याच पायरीवरून मी मागं वळून बघितलं होतं. आत अंधुक उजेडात मिस्त्री माझ्या दिशेला तोंड करून बसला होता. त्यानं बाहेरचं सगळं ऐकलं असणार. कपबश्यांचा आवाज, ऊस, पाऊस, लग्न, आणि मग माझी पावलं. त्याचा उजवा हात मांडीवरून थोडा वर उचललेला होता आणि मशिनीचा दांडा धरल्यासारखा हवेत फिरत होता. सावकाश, उलट्या, उलगडायच्या दिशेनं.